सहा नंबरच्या भिंतीवरचं शेपूट

ग्राफिटीच्या स्पर्धेला जो परीक्षक येणार होता त्याची पाठ धरली, म्हणून आयोजकांनी सकाळी मला फोन केला. "ताई, फार अडचण झालीय, तुम्हीच या." मीही मोठी अडलेल्यांची कैवारी! लगेच हो म्हणून बसले. माझा धाकटा भाऊ त्याआधीच स्प्रेच्या डब्यांची पिशवी उचलून, "काम आहे" एवढंच पुटपुटून गेला होता. कसलं काम, हे विचारणं मी केव्हाच सोडलं होतं. विचारलं की स्वारीचं तोंड फुगतं.

मैदानाच्या कडेने प्लायवुडच्या भिंती उभ्या केल्या होत्या. प्रत्येकीवर फक्त नंबर, नाव नाही. रंगवणाऱ्यांना दोरीपलीकडे, आमच्या नजरेआड ठेवलेलं. ग्राफिटी तपासायची आमची पद्धत ठरलेली आहे. आधी लांबून बघायचं, अक्षर उठतं का. मग थोडं पुढे येऊन, रंग एकमेकांशी भांडतात का. शेवटी नाक भिंतीला लावून, फवाऱ्याची कड स्वच्छ आहे की ओघळ झाकलेत. मग पत्र्याच्या केबिनमध्ये बसून गुण द्यायचे.

सहा नंबरची भिंत मला लांबूनच आवडली. राखाडी, मातकट आणि मध्येच एक पिवळा. असे दबके रंग आमच्यात कोणी लावायला धजत नाही. मग जवळ गेले. शेवटच्या अक्षराचं शेपूट खाली जाऊन उलटं वर वळलं होतं, आणि वळणावर हात किंचित थांबल्यामुळे तिथे रंग दाट झाला होता. ते वळण माझं. तसं थांबायला मी एकाच माणसाला शिकवलं होतं, आमच्या गच्चीवर, त्याचं मनगट धरून.

केबिनमध्ये आम्ही तिघं होतो: मी, एक आर्किटेक्ट बाई आणि बोका. बोका म्हणजे आमच्यातला जुना खेळाडू, कुठल्याही उंच भिंतीवर चढायचा म्हणून बोका. निकालावर सह्या झाल्याशिवाय बाहेर पडायचं नाही असा नियम, म्हणून दार आतून लावलेलं. पंखा गरम हवाच इकडून तिकडे करत होता.

"सहा नंबर बाद," बोका बसायच्या आतच म्हणाला. "ताईचं शेपूट ढापलंय. चोर लेकाचा!"

"पण सगळ्यांत सरस तोच आहे हो," बाई म्हणाल्या.

"बाई, ओघळ आला तर आम्ही माफ करतो. दुसऱ्याचं अक्षर उचललं तर नाही. याला आता गावात कोणी भिंत देणार नाही, मी स्वतः सांगत फिरेन." मग तो माझ्याकडे वळला. "शेपूट तुझं, तेव्हा तूच सांग. चोरलंय की दिलंयस?"

आमच्यात असंच चालतं. अक्षर ज्याचं, त्याचाच शब्द शेवटचा. माझ्या डोक्यात तिडीक गेली. बोक्यावर, आयोजकांवर, आणि सगळ्यात जास्त त्या गाढवावर. चोरलंय म्हटलं तर पोरगा या कलेतून कायमचा उठला. दिलंय म्हटलं तर कोणाला, ते सांगावं लागणार, आणि परीक्षकाच्या नात्यातलं माणूस स्पर्धेत चालत नाही. पहिल्या आलेल्याला कालव्याकडची मोठी भिंत मिळणार होती, ती त्याच्या हातची जाणार. मूग गिळून बसावं, तर बोका त्याचा अर्थ चोरीच लावणार. अशी कात्रीत सापडले की काही सुचेना. मी पाणी प्यायले. परत प्यायले.

"बाटली संपली," बोका म्हणाला. "आता बोल."

"माझा भाऊ आहे तो," मी म्हणाले. "मीच शिकवलंय त्याला. मी येणार हे त्याला माहीत नव्हतं, आणि तो असेल हे मला."

बोक्याचा चेहरा एकदम निवळला. "असं होय! मग चोर कसला? बाद आहे, पण अब्रूने बाद!" बाईंनी सुस्कारा सोडून सहा नंबरवर रेघ मारली. सह्या झाल्या, दार उघडलं.

मला खरंच हलकं वाटलं. भिंत गेली तर गेली, पोराचं नाव वाचलं. मी धावतच दोरीपाशी गेले आणि बक्षीसच घेऊन आल्यासारखं एका दमात सगळं त्याला सांगून टाकलं.

तो बोटांवरचा पिवळा रंग खरवडत ऐकत राहिला.

"तू कधीच लावले नसतेस असे रंग शोधले मी," तो म्हणाला. "अक्षरांची ठेवण बदलली. तुला दिसेल म्हणून घरी एक रेघ मारली नाही, पुलाखाली जाऊन सराव केला. आणि शेवटी हात आपोआप वळला. मला कळलंसुद्धा नाही."

"अरे, पण चोर तर नाही ना ठरलास!"

"चोर म्हणाली असतीस तरी चाललं असतं, ताई. चोरी तरी माझी असती."

तेवढ्यात मागून बोका आला. त्याने मोठ्या मायेने धाकट्याच्या खांद्यावर हात टाकला आणि त्याला गर्दीकडे वळवलं.

"ओळखलंत का याला?" तो ओरडला. "आपल्या ताईचा भाऊ!"

सगळे कौतुकाने बघायला लागले. धाकटा सवयीने हसला.