मिरवणुकीसाठी रेसचा शाफ्ट

या, असे पुढं सरका. टाळ मांडीवर ठेवा, पाय दुमडून घ्या. कीर्तनाला अजून अवकाश आहे, तोवर एक गोष्ट सांगतो. विठ्ठलाच्या पायाशी बसून सांगतोय, म्हणजे खोटं फार मिसळणार नाही.

आमचं गाव बेलापूरच्या अलीकडं. बहात्तरच्या दुष्काळात विहिरी तळाला गेल्या, तेव्हा आमच्या आप्पासाहेबांनी पाणी न पिणारी मोटार घेतली. मायदेशी निघालेल्या एका पाद्र्याची. पाठ कासवाची, इंजिन मागं आणि तेही वाऱ्यानं गार होणारं. आप्पासाहेब पारावर सांगायचे, "दुष्काळाचं सरकार बघंल. आमी आमच्यापुरता उपाय केला." पहिल्याच उन्हाळ्यात गाडीनं धूर ओकून मान टाकली, ते सोडा.

सप्ताहाला गहिनीनाथबुवा येत. आवाज असा, की रागावून आलेला माणूस रडून घरी जाई. पण बुवांचे गुडघे गेलेले. म्हणून वेशीपासून मारुतीपर्यंत त्यांना वाहनात बसवून, दिंडीच्या पावलानं मिरवत न्यायची रीत. मान आप्पासाहेबांच्या घराचा, पण गाडी पडून होती म्हणून मागल्या साली तो गावातल्या छगनच्या ट्रॅक्टरनं पटकावला. यंदाही तसंच झालं तर मान कायमचा गेला, या काळजीनं आप्पासाहेबांचं अन्न तुटलं. चौथी भाकरी नको म्हणू लागले.

अजीज मिस्त्रीनं इंजिन पार खोलून नवं बांधायला घेतलं. फक्त कॅमशाफ्ट, म्हणजे इंजिनाच्या झडपा उघडमिट करणारा दांडा, कुठला घालायचा ते ठरेना. पोत्यावर दोन ठेवलेले. एक गाडीचा मूळचा, दुसरा मुंबईहून आणलेला, शर्यतीच्या गाडीचा.

"ह्यो बैल," मूळच्याला बोट लावत अजीज म्हणाला, "आन् ह्यो घोडा. ह्याचे उंचवटे बघा मालक. झडपा लई वेळ उघड्या ठिवतो. इंजिन असा दम घेतंय, की बास! फक्त पळवत ठिवायचं."

चहा घेऊन आलेल्या झुंबरबाईंनी, म्हणजे आप्पासाहेबांच्या मंडळींनी, विचारलं, "अवो, पन बुवांना न्यायचं किती लांब?"

"वेशीपासनं देवळापातुर."

"मानसांच्या चालीनं?"

"मग काय उडत?"

"मग बैलच बरा की."

एवढ्या खोल यांत्रिक चर्चेत बाईमाणसानं तोंड घातल्याबद्दल दोघांनी तिला उदार मनानं माफ केलं. मग धार्मिक माणसं करतात तेच केलं. दोन्ही शाफ्ट बेलापुरात मुक्कामाला असलेल्या बुवांपुढं नेले. बुवांनी चष्मा पुसला, "हा चकाकतोय बरा," म्हणून मुंबईच्या शाफ्टाला बुक्का लावला. विषय संपला. अजीजनंही बुक्का न पुसता शाफ्ट बसवला. दुसऱ्याच्या देवाचा मान त्याला आमच्याहून जास्त कळायचा.

सप्ताहाचा पहिला दिवस. वेशीत गाडी, गाडीत हार घातलेले बुवा, स्टेअरिंगमागं फेटा बांधून बसलेले आप्पासाहेब. मृदंगावर थाप पडली, दिंडी हलली. गाडीनं एक गचका दिला आणि बंद पडली; घोड्याला पावलाची चाल जमेना. पुन्हा चालू, पुन्हा गचका. बुवांचा हार कानावर.

"मालक, जोरात ठिवा!" अजीज ओरडला.

जोरात ठेवली, तर इंजिनाच्या आवाजात टाळ-मृदंग बुडाले आणि पुढचे टाळकरी जीव घेऊन ओट्यावर चढले. क्लच जळल्याचा वास सुटला. एक भाविक घागर घेऊन धावला, "पानी कुठं घालायचं?"

"हिला पानी लागत न्हाई!" आप्पासाहेब या संकटातही अभिमानानं म्हणाले.

शेवटी गाडी बंद करून गावानं चऱ्हाट बांधलं आणि बुवांना ओढत नेलं. चाल अगदी दिंडीला जुळली. छगन ट्रॅक्टरवर बसून म्हणाला, "आप्पासाहेब, काल्यादिशी बुवांच्या पाठवनीला आमी हावोतच."

घरी आल्यावर आप्पासाहेब अजीजवर तुटून पडले. "जुना शाफ्ट कुठाय?"

"तुमीच म्हनला ना, भंगारात टाक."

दोघांनी उकिरडा उपसला. तेव्हा झुंबरबाई आतून आल्या. हातात तेलाच्या फडक्यात गुंडाळलेला शाफ्ट.

"ज्वारीच्या कणगीत ठिवला हुता. लागंल म्हनलं."

आप्पासाहेबांनी तो घेतला आणि म्हणाले, "आधी सांगायला काय झालं हुतं?"

कीर्तनं चालू असताना अजीजनं पुन्हा इंजिन उतरवलं, त्याच्या दोन फाकी केल्या, बैल आत घातला आणि नवा क्लचही टाकला. काल्याच्या दिवशी गाडी मुंगीच्या पावलानं निघाली. इंजिनाचा आवाज टाळांच्या खाली राहिला. बुवा आत बसून गुणगुणत होते, ते रस्त्यावर ऐकू येत होतं. मी गाडीच्या बाजूनं चालत होतो, डोळे भरले. छगननं सुद्धा ट्रॅक्टरवरून उतरून नमस्कार केला.

"शाफ्ट कोनी निवडला?" त्यानं विचारलं.

"आमीच," आप्पासाहेब म्हणाले. "लई विचार करून."

गाव अजून त्या निवडीचं कौतुक करतं. करू दे बापडं. तुम्ही मात्र आता उठून बुक्का लावाल, तेव्हा चहा घेऊन येऊन 'बैलच बरा की' म्हणालेल्या झुंबरबाईंची एवढी आठवण ठेवा.