दुवा देणारे सभासद

"आधी दुवा द्या अक्सकाल, मग चहा," तिलेक म्हणाला आणि स्वतःच उठून उभा राहिला.

परिषदेचा अध्यक्ष तिलेक, त्याच्या खोलीत सहा-सात सभासद जमले होते. टेबलावर गरम, तळलेल्या बोरसोकांची रास, लोणी आणि जर्दाळूचा मुरंबा होता. एसेनकुलांनी ओठांपर्यंत नेलेली चहाची पियाली खाली ठेवली.

"कशाची दुवा?"

"नव्या कामाची. आपल्या पोरांसाठी कुस्तीचा हॉल काढतोय. आज मंजूर होईल. तुमच्यासारख्या अक्सकालाचा, पांढऱ्या दाढीचा आशीर्वाद असला की झालं."

पोरांच्या कुस्तीला नाही कोण म्हणणार? एसेनकुलांनी दोन्ही तळवे छातीसमोर उघडले. लगेच खोलीतल्या सगळ्यांचे तळवे उघडले. "हाती घेतलेलं काम तडीस जावो, आड येईल ते दूर होवो, घराघरात हसू राहो. ओमीन." सगळ्यांनी तोंडावरून हात फिरवले. मग चहा झाला. बोरसोक मात्र आज फारच छान जमले होते, एसेनकुलांनी पाच खाल्ले.

साय-बुलाकच्या प्रांतिक परिषदेत एसेनकुलांची ही पाचवी खेप. पाच वेळा निवडून आलेला माणूस म्हणजे मोठा मुत्सद्दी असणार, असं बाहेरच्याला वाटेल. तसं काही नव्हतं. सोव्हिएत काळात ते कठपुतळी थिएटरचा ट्रक चालवायचे. उन्हाळाभर बाहुल्या आणि कलाकार घेऊन वरच्या कुरणांवर जायचे, मेंढपाळांच्या तंबूंसमोर ट्रकची फळी खाली पडायची आणि खेळ सुरू व्हायचा. पुढे देश बदलला, निवडणुका आल्या, तेव्हा डोंगरातल्या लोकांना ओळखीचा चेहरा एकच होता. बाहुल्यांचा ट्रकवाला. त्यांनी त्यालाच मतं दिली.

पहिल्या खेपेला एसेनकुल खरोखर भांडले होते. थिएटर बंद करायचं घाटत होतं, तेव्हा त्यांनी टेबलावर मूठ आपटून जुन्या बँकेची इमारत थिएटरला मिळवून दिली होती. त्यानंतर मात्र दाढी पांढरी होत गेली आणि लोकांना त्यांची मूठ नको, तळवे हवे झाले. पुलाचं उद्‌घाटन, शाळेचा पहिला दिवस, नवा ट्रान्सफॉर्मर, प्रत्येक ठिकाणी आधी एसेनकुलांची दुवा. त्यांनाही ते आवडायला लागलं. खोटं कशाला बोला, कोणाला नाही आवडणार? कागद वाचणं हळूहळू सुटत गेलं.

गेल्या आठवड्यात बुरुल घरी आली होती. बुरुल म्हणजे थिएटरचा प्राण. बाहुल्या कोरते तीच, नाचवते तीच, आणि आवाज काढते तीही तीच. ट्रकवर होती तेव्हा एकोणीस वर्षांची होती, आता साठीला आली. एसेनकुलांना ती अजूनही 'आके' म्हणते, थोरल्या भावाला म्हणतात तसं.

"आके, आमच्यावर काहीतरी येतंय. संस्कृती विभागातला कोणी धड बोलत नाही. मतदान झालं तर विरोधात हात वर कराल ना?"

"एक हात काय, मागशील ते देईन," एसेनकुल म्हणाले होते. "तुझं थिएटर माझ्या डोळ्यांदेखत कोण बंद करतो बघू."

आज सभागृहात शिरताना त्यांनी वर पाहिलं. सज्जात बुरुल बसली होती, डोक्याला निळा रुमाल, मांडीवर कापडी पिशवी. तिने मान हलवली. यांनीही हलवली. कार्यक्रमपत्रिकेवर थिएटर कुठे दिसेना. त्यांना बरं वाटलं. म्हणजे आज काही नाही.

सातवा विषय होता 'संस्थांचे सुसूत्रीकरण'. हे काय असतं ते एसेनकुल शेजारच्या जुमाशला विचारणार होतेच, तेवढ्यात तिलेकने वाचायला सुरुवात केली. कठपुतळी थिएटर सांस्कृतिक भवनात विलीन करावे, त्याचे स्वतंत्र अनुदान थांबवावे, आणि जुन्या बँकेच्या इमारतीत कुस्तीचा हॉल उभारावा.

एसेनकुलांना आधी वाटलं, आपण नीट ऐकलं नाही.

"जुमाश, हॉल तर नवा बांधणार होते ना?"

"नवा कुठला अक्सकाल? जागा तीच. बाहुल्या बाहेर, पैलवान आत."

"पण सकाळी तर..."

"सकाळी तुम्हीच दुवा दिलीत की," जुमाश हसून म्हणाला. "मीही ओमीन म्हटलं."

एसेनकुलांना सकाळचे शब्द आठवले. आड येईल ते दूर होवो, असं आपण म्हणालो का? म्हणालोच. कोणाला दूर करत होतो आपण? बोरसोकांचा वास अजून बोटांना येत होता.

चर्चा तापली. एक तरुण सभासद म्हणाला, "आमच्या पोरांच्या हातात दिवसभर फोन. बाहुल्या बघायला जातंय कोण? गेल्या महिन्यात तीस माणसं नव्हती."

"तुम्ही गेला होतात?" डोंगराकडच्या एका बाईंनी विचारलं.

"मी कशाला जाऊ? मी काय लहान आहे?"

"मग तीस नव्हती हे तुम्हाला बाहुल्यांनी सांगितलं?"

सभागृह हसलं. दुसऱ्या एकाने विचारलं, बाहुल्या पगारवाढ मागतात का. त्यावरही हसले. बाई चिडून म्हणाल्या, "थट्टा करा. आमच्या कुरणांवर तुमचा एक माणूस फिरकत नाही, तो थिएटरचा ट्रक तेवढा वर्षातून एकदा येतो. आमच्या पोरांनी सरकार म्हणून तेवढंच पाहिलंय."

आता कोणी हसलं नाही. एसेनकुल उठून उभे राहिले. आपण काय बोलणार हे त्यांनाच ठाऊक नव्हतं.

"तो ट्रक मी चालवायचो," ते म्हणाले. "वरच्या खिंडीत एकदा ब्रेक गेले. कलाकार खाली उड्या मारायच्या ऐवजी बाहुल्या आधी खाली देत होते. मी ओरडतोय, अरे माणसं उतरा..."

ते थांबले. यातून काय सांगायचं होतं, ते निसटलं. कुस्तीही वाईट नव्हती. त्यांचा स्वतःचा नातू कुस्तीला जायचा.

"अक्सकाल," तिलेक मोठ्या आदराने म्हणाला, "तुमचा सल्ला आम्ही शिरसावंद्य मानतो. म्हणून तर सकाळी या कामाला पहिली दुवा तुमची घेतली."

हे ऐकून सज्जातल्या निळ्या रुमालाची हालचाल थांबली. एसेनकुलांनी वर बघायचं टाळलं आणि खाली बसले.

मतदान हातांचं होतं. तीस सभासद. मतं समान पडली तर ठराव पडतो, हे सगळ्यांना पाठ होतं. "बाजूने?" पंधरा हात वर आले. लेखनिक मुलीने पेन्सिलने मोजले, पुन्हा मोजले. "विरोधात?" डोंगराकडचे, शहरातले, मघाशी हसलेलेही दोघे. चौदा.

राहिले एसेनकुल.

दिलेली दुवा मागे घ्यायची रीत एकच. तळवे उलटे करून हातांच्या पाठी पुढे धरायच्या. पण तो शाप असतो, आणि त्या हॉलमध्ये पोरं खेळणार होती. शाप द्यायचा नाही आणि स्वतःच्या तोंडच्या शब्दाविरुद्ध हात वर करायचा, तर मग उद्यापासून या दाढीला कोण मान देईल? आणि हात वर केला नाही, तर ती वर बसलेली? डोक्यात नुसता गुंता झाला होता. सगळं सभागृह त्यांच्याकडे बघत होतं. हात कुठे ठेवावेत कळेना, तेव्हा ते इतक्या वर्षांच्या सवयीने जिथे जातात तिथे गेले. छातीसमोर. तळवे उघडे.

पांढऱ्या दाढीने तळवे उघडले म्हटल्यावर कोण मागे राहणार? खुर्च्याखुर्च्यांवर तळवे उघडले. तिलेकचे उघडले. विरोधातले चौदा हातही खाली येऊन उघडले.

आता काही म्हणणं भाग होतं.

"ज्यांनी डोंगर चढून आपल्या पोरांना हसवलं," एसेनकुल म्हणाले, "त्यांची वाट सुखाची होवो. त्यांना विसरणारे आपण होऊ नये."

अर्ध्यावर त्यांच्या लक्षात आलं की हे शब्द कबरीपाशी म्हणायचे असतात. पण दुवा अर्ध्यावर सोडत नाहीत. "ओमीन," ते म्हणाले. "ओमीन," सगळे म्हणाले आणि तोंडावरून हात फिरवले. दोन-तीन जणांचे डोळे ओले होते.

लेखनिक मुलगी वाकून हळूच म्हणाली, "अक्सकाल, तुमचं काय लिहू?"

एसेनकुल तिच्याकडे बघत राहिले. तिने थोडा वेळ वाट पाहिली आणि ती चौकट कोरी सोडली. पंधरा विरुद्ध चौदा. ठराव मंजूर झाला.

बाहेर पायऱ्यांवर बुरुल उभी होती. एसेनकुल जवळ गेले.

"आके," ती म्हणाली. तिचा आवाज चढलेला नव्हता. "मला तुमचा एकच हात हवा होता. तुम्ही दोन्ही उघडलेत."

"मला सकाळी कोणी सांगितलं नाही गं..."

"तुम्ही विचारलंत?"

ती निघून गेली. त्यांना स्वतःची फार लाज वाटली.

चार दिवसांनी बाहुल्या हलवायला जुन्या बँकेपुढे ट्रक लागला. एसेनकुल आपणहून तिथे गेले. कोटाला सभासदाचा बिल्ला नव्हता. त्यांना कोणी या म्हणालं नाही आणि जा म्हणालं नाही. बाहुल्या कशा भरायच्या ते त्यांना अजून आठवत होतं. तोंड खाली, दोऱ्या मनगटांभोवती, हात समोर बांधून, म्हणजे खड्ड्यांत गुंता होत नाही. दुपारपर्यंत त्यांनी दोन पेट्या भरल्या.

शेवटी बुरुलने त्यांच्यापुढे एक लाकडी म्हातारा ठेवला. लांब पांढरी दाढी, डोक्यावर फेल्टची टोपी. कुरणांवरच्या खेळात हाच आधी बाहेर यायचा.

"याची उजवीकडची दोरी तुटलीय," ती म्हणाली. "जमलं तर बघा. नाही तर तसाच टाका."

एसेनकुलांनी चष्मा लावला. गाठ दोनदा सुटली. तिसऱ्यांदा बसली. मग त्यांनी म्हाताऱ्याला पेटीच्या कडेवर उभं केलं आणि दोरी ओढली. त्याचा एक हात सरळ वर गेला.

बुरुल दारात थांबून बघत होती. एसेनकुलांनी दोरी सोडली नाही.