तात्यासाहेबांचे डोळे

जयसिंग आप्पा करुणाच्या शिवणकामाच्या दुकानात आले ते खुर्ची सोडून थेट कटिंगच्या टेबलावर बसले. खाली कुणाच्या तरी लग्नातला ब्लाऊज चुरगळला, पण ते त्यांना सांगणार कोण? न्हावरे गावात आप्पा म्हणतील ती पूर्व दिशा.

"करुणे, हे काय केलंस गं?" त्यांनी पंखांचा सूट टेबलावर पसरला. "तात्यासाहेबांच्या डोळ्यात भोकं?"

खरंच होती. करुणाचा धाकटा भाऊ सुदर्शन दोन्ही हात पसरून उभा राहिला की हातापासून कमरेपर्यंत कापडाचे पंख ताणले जात, आणि त्या पंखांवर आता आमदार तात्यासाहेबांचा हा एवढा थोरला चेहरा छापून आला होता. पंखांना बगलेपाशी दोन तोंडं होती, वारा आत शिरायला. ती नेमकी तात्यासाहेबांच्या डोळ्यांवर आली होती.

"आप्पा, ती भोकं न्हाईत. तिथनंच वारा भरतो. वारा भरला तरच पंख फुगत्यात. न्हाईतर नुसतं कापड हाय."

"मग शीव की ती."

"शिवली तर मरंल त्यो!"

"तुला काय विमान कळतंय व्हय गं? पिकोफॉल करणारी बाई तू!" आप्पा खो खो हसले.

हे पंख बांधून सुदर्शन उंचावरनं उडी मारणार होता; आता ह्या उडीचं मूळ सांगायला हवं. सुदर्शन रांजणगावच्या एका कंपनीत ताडपत्र्या शिवायचा. मोबाइलवर त्यानं कधीतरी पाहिलं की जुन्या काळी परदेशातली माणसं घरी शिवलेले पंख बांधून मनोऱ्यांवरनं उड्या मारायची. बरीचशी मेली. पण ज्यांनी पंखाला वारा प्यायची तोंडं ठेवली ती जगली, असं त्यानं आपल्या मनाशी पक्कं केलं. आई गेल्यापासून करुणानंच त्याला वाढवलेलं. पोरगं तीन वर्षं कापड, दोरे, मापं ह्यांतच बुडालेलं. कापायचा तो, शिवायची ती. आणि एका पहाटे तो दौंड रस्त्यावरच्या बंद कागद मिलच्या चिमणीवर चढला. साडेतीनशे फूट. पायथ्याशी सगळी पत्र्याची शेडं. ती ओलांडून पुढं गेला तर जगला, असा हिशेब. पंख फुगले, गडी शेडं ओलांडून गेला, मग पाठीवरची पॅराशूटची छत्री उघडली आणि काढलेल्या कांद्याच्या रानात जाऊन बसला. वेडं हसत होतं. करुणा बांधावर बसून रडत होती.

त्याचा व्हिडिओ गावभर झाला. मिलच्या वॉचमननं पुन्हा आत सोडायचं नाकारलं. मग आप्पा मधे पडले. चिमणी उघडून देतो म्हणाले, पण उडी तात्यासाहेबांच्या वाढदिवसाला आणि पंखांवर चेहरा तात्यासाहेबांचा. सुदर्शन लगेच हो म्हणाला. नाही म्हटलं असतं तर ती चिमणी त्याला जन्मात मिळाली नसती.

"चेहरा जरा बारीक छापून आणा की," करुणानं शेवटचं सांगून पाहिलं.

"तात्यासाहेबांचं तोंड बारीक करू? आगं, लाज वाटू दे!"

तिनं शिवलं. पण तीही काही कच्च्या गुरूची चेली नव्हती. खताच्या गोणीचं तोंड जसं शिवतात, तसा साखळी टाका तिनं दोन्ही तोंडांवर घातला, नायलॉनच्या दोऱ्यानं. गोणीचं बरोबर टोक धरून ओढलं की सर्रकन अख्खी शिवण उसवते, हे शेतकऱ्याच्या पोराला सांगायला लागत नाही. दोन्हीकडं वीतभर टोकं मोकळी सोडली.

"खाली फोटो होऊ दे," ती सुदर्शनला म्हणाली. "डोळ्यांतली भोकं बंद दिसू दे त्यास्नी. वर गेलास की पयली ही दोन टोकं वढ. इसरशील?"

"आक्के, मरायची हौस हाय का मला?" त्यानं तिच्या डोक्यावर टपली मारली.

कार्यक्रम सकाळी नऊचा. तात्यासाहेब आले साडेबाराला. तोवर सुदर्शन मार्चच्या उन्हात पंख घालून उभा, घामानं निथळत. चार हजार माणूस, डीजेची भिंत, बायकांना वेगळं कठडं. करुणा कठड्याला चिकटून उभी होती. तात्यासाहेब आले, सत्कार सुरू झाला. सुदर्शनच्या डोक्यावर फेटा चढला, गळ्यात हारावर हार पडले. तोंडही दिसेना. फोटोसाठी दोघांनी त्याचे हात दोन्हीकडं ताणून धरले.

आणि आप्पांची नजर पडली. तात्यासाहेबांच्या दोन्ही डोळ्यांतनं दोरे लोंबत होते.

"तात्यासाहेब रडत्यात व्हय रं?" आप्पा म्हणाले, आणि आजूबाजूचे फिदीफिदी हसले. आप्पांनी खिशातनं लायटर काढला. नायलॉनचा दोरा, त्याला कात्री कशाला हवी? एक टोक जाळलं, अंगठा थुंकीनं ओला करून दाबलं. मग दुसरं. जळलेल्या दोऱ्याच्या काळ्या गुठळ्या कापडात चिकटून बसल्या. सुदर्शनला हारांच्या ढिगाऱ्याआडनं काय दिसणार?

करुणाला मात्र लख्ख दिसलं. ती ओरडली. डीजेपुढं तिचा आवाज शेजारणीलाही गेला नाही. कठडं ओलांडायला गेली तर स्वयंसेवक पोपटनं दंड धरला. "मावशे, बायकांनी हिकडंच थांबायचं."

"आरं, भाऊ हाय माझा!"

"व्हय व्हय, समद्यांचाच भाऊ हाय आज."

सुदर्शन शिडी चढत होता. फेटा आणि हार काढून त्यानं खालीच टाकलेले. वर पोचला, हात जोडून जय भीम केला, आणि बगलेत चाचपलं. त्यानं पुन्हा चाचपलं. मग दुसरी बगल. टोक असेल तर सापडेल ना! मग त्यानं मान वाकवून दातानं टाका धरायचा प्रयत्न केला.

"बघा बघा!" माइकवाला किंचाळला. "तात्यासाहेबांच्या फोटोचा मुका घेतोय पठ्ठ्या!"

शिट्ट्यांनी रान दणाणलं. तात्यासाहेबांनी खाली बसल्या बसल्या हात हलवला.

सुदर्शननं पाय पुन्हा शिडीवर ठेवला. तो खाली येत होता! करुणाच्या जिवात जीव आला. ये बाबा, हळू ये, लोक हसले तर हसू दे, आपण घरी जाऊ, असं ती मोठमोठ्यानं बडबडत होती.

आप्पांनी माइक हिसकावून घेतला.

"ए, मागं कुठं फिरतोस रं? तात्यासाहेब बसल्यात हितं! मी आधीच म्हणत हुतो, ह्यांच्यात दमच न्हाई. फुकटचं मागायला पुढं, आन् येळ आली की शेपूट घालायची. ह्यांची जातच तसली!"

चार हजार माणूस हसलं. सगळं नाही, पण पुरेसं.

सुदर्शन शिडीवर थांबला. करुणा "नको, नको" म्हणत होती. तिला आपला भाऊ पुरता ठाऊक होता. पायात काटा मोडला तरी हूं न करणारा, पण कुणी जात काढली की ज्याच्या डोळ्यांत रक्त उतरायचं, तोच हा. तो वर चढला. कडेवर उभा राहिला. हात पसरले आणि उडी घेतली.

पंख फुगले नाहीत. ओल्या गोणपाटासारखे अंगाला लपेटून राहिले. छत्री अर्धी उघडली, चिमणीच्या शिडीत गुंतली, फाटली. मग शेडाच्या पत्र्याचा आवाज झाला. डीजे त्यानंतरही बराच वेळ वाजत होता, कारण तो बंद करायचं कुणाच्या ध्यानातच आलं नाही. तात्यासाहेबांची गाडी तेवढी लगेच निघाली.

संध्याकाळी चौकीत तो सूट टेबलावर होता. मधोमध रक्त, पण तात्यासाहेबांच्या चेहऱ्याला खरचटलंही नव्हतं. शेजारी खुर्चीत आप्पा चहा पीत होते. ते हवालदाराला आधीच सगळं सांगून बसले होते. लई चांगलं पोरगं, पण बहिणीनं वारा जायची तोंडंच शिवून टाकली, अडाणी बाई.

हवालदारानं पेन उचललं. "बाई, ही शिवण कुणाची?"

करुणानं सूटवर बोट ठेवलं. टाक्याच्या शेवटाला काळी, कडक गुठळी होती, मोहरीएवढी. ती तिनं नखानं खरवडली. निघाली नाही.

"शिवण माझी हाय," ती म्हणाली. "ही गाठ माझी न्हाई. ही ह्या आप्पानं लायटरनं जाळली. माझ्या डोळ्यादेखत."

आप्पा बशीतला चहा फुंकत राहिले.

हवालदारानं एकदा आप्पांकडं पाहिलं, आणि तिचं पहिलं वाक्य तेवढं लिहून घेतलं. मग कागद तिच्यापुढं सरकवला.

"सही येती का अंगठा लावतीस?"