माशाला फुटलेले पाय

फुलसावंगीजवळच्या तांड्यावर त्या आषाढात नुसती झुंबड उडाली होती. देवळाच्या ओट्यावर काचेची पेटी, पेटीत पाणी आणि पाण्यात काळ्या मासोळ्या. अन् मासोळ्यांना चक्क पाय फुटलेले!

"पाहा रे लेकहो!" जलबाबा लिलाव पुकारावा तसा ओरडत होता. "जलदेवी मासोळीले पाय देते, तं लेकराले देणार नाई काय? घ्या तीर्थ, लावा पायाले!"

डोमाजी मास्तरांचं लक्ष मात्र बसंतीबाईच्या कडेवरल्या जमनीकडे होतं. सात वर्षांची पोर. तापात तिचा डावा पाय लुळा पडला होता. मास्तरांनीच तिला यवतमाळच्या डॉक्टरकडे नेलं होतं. रोज पाय ताणा, लोखंडी पट्ट्या बांधा, नाहीतर गुडघा कायमचा आखडेल, असं डॉक्टरनं बजावलं होतं. आज पायाला पट्ट्या नव्हत्या.

"बसंतीबाई, पट्ट्या काहून सोडल्या?"

"देवीले लोखंड चालत नाई म्हणते बाबा. दिवाळीपावतर थांब म्हणते."

"अवो, त्या मासोळ्या नाईत, बेंडकाची पिल्लं आहेत!"

लोक खदखदून हसले. बेडूक पावसाबरोबर आभाळातून पडतात, हे त्या मुलखात शेंबड्या पोरालाही ठाऊक! डबक्यात शेपटी हलवते ती मासोळीच. मास्तरांच्या आईनंही त्यांना लहानपणी हेच सांगितलं होतं.

"तुमी तं छप्पन साली देवच सोडले मास्तर," तांड्याचा नायक हरिसिंग म्हणाला. "तुमाले देवी काय समजन?"

मास्तरांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली होती खरी. पण पोरीच्या गुडघ्याचा अन् त्याचा काय संबंध, सांगा बरं!

मास्तर इरेला पेटले. नाल्याच्या डबक्यातून त्यांनी बेडकाची चिकट अंडी आणली आणि शाळेत काचेच्या बरणीत ठेवली. दिवसाआड पाणी बदललं, उकडलेली भाजी खाऊ घातली. जमनी रोज बरणीशी डोळे लावून बसे. आधी मागचे पाय आले, मग पुढचे, मग शेपूट आटत गेली. जलबाबाची लबाडी नेमकी इथंच होती. शेपूट आटू लागली, की 'देवीनं नेली' म्हणून तो ती मासोळी गुपचूप नाल्यात सोडी आणि दुसरी आणी. बेडूक झालेला कुणाला दिसतच नसे.

भादव्यात मास्तरांनी भर गर्दीत बरणी ओट्यावर नेऊन उघडली. बेडकानं टुणकन उडी मारली ती थेट बाबाच्या मांडीवर. बाबा किंचाळला.

"याडी," जमनी आईला म्हणाली, "म्या रोज पाह्यलं. मंतर कोणीच नाई म्हटला!"

पण बाबा पक्का बेरड. "पाह्यलं? नास्तिकाचा हात लागला अन् मासोळीचं बेंडूक झालं! देवी कोपली!"

आणि लोकांनी माना डोलावल्या हो! काय म्हणावं या अकलेला? हरिसिंगानं बरणी फोडली. बसंतीबाईनं बाबाचे पाय धरले.

दिवाळी झाली. बाबानं बस्तान दारव्ह्याला हलवलं. तेव्हा कुठं बसंतीबाई मास्तरांच्या दारी आली. यवतमाळला डॉक्टरनं गुडघा ताणून पाहिला, तशी जमनी कळवळून रडली.

"उशीर झाला. आता हा पाय सरळ होणार नाही."

"बेंडकाले तं आपोआप फुटले," बसंतीबाई म्हणाली. "मंग माह्या पोरीले काहून नाई, मास्तर?"

"त्याची वाढच तशी असते, बाई. जमनीचा पाय तापानं गेला. त्याले इलाज पाहिजे होता, वेळेवर."

परतताना मोटार दारव्ह्याला थांबली. बाजारात जलबाबापुढे दुप्पट गर्दी होती. एक बाई खाली बसून आपल्या लेकराच्या पायाच्या पट्ट्या सोडत होती. बसंतीबाई जमनीला घेऊन धावतच तिच्याकडे गेली.

"नोको सोडू, माय! ते बेंडकं आहेत. म्या डोळ्यानं पाह्यलं, तरी आयकलं नाई. हा पाय पाहा माह्या पोरीचा. डॉक्टराचं आयक!"

त्या बाईनं जमनीच्या पायाकडे पाहिलं आणि लेकरू दुसरीकडे ओढून घेतलं.

"तुह्या भक्तीतच खोट असन," ती म्हणाली आणि उरलेली पट्टी सोडू लागली.