खंडेनवमीला पुजलेल्या फ्लॉप्या

मित्रांनो, मी एक जुनी फौजी ट्रंक आहे. काळी, पत्र्याची, दोन्ही अंगांना कड्या असलेली. झाकणावर पांढऱ्या रंगात हवालदार हंबीररावांचं नाव आणि नंबर होता, तो आता निम्मा उडालाय. आधीच सांगते, माझी गोष्ट हसतखेळत ऐकण्यासारखी नाही. ज्याला गोड शेवट हवा असेल त्याने खुशाल दुसरीकडे जावं.

माझा जन्म अंबाल्याच्या एका पत्रेवाल्याच्या दुकानात झाला. हातोड्याचे किती घाव खाल्ले त्याला मोजदाद नाही. पुढची सतरा वर्षं मी हंबीररावांबरोबर जम्मू पाहिलं, आसाम पाहिला, रेल्वेच्या डब्यात बाकाखाली लोळले. माझ्यात वस्तू कशी ठेवायची याचा त्यांचा नियम होता. वर्दी उजवीकडे, बूट डावीकडे, कागदपत्रं तळाशी. डोळे मिटून हात घातला तरी हवी ती वस्तू हाताला लागली पाहिजे. मला त्या शिस्तीचा भारी ताठा होता. नाकावर माशी बसू देत नव्हते म्हणा ना!

हंबीरराव पेन्शनीत निघाले आणि मी कुंडलला घरी आले. दोन वर्षं मी कोपऱ्यात पडून होते. अंगावर पोती पडली, उंदरांनी वरून शर्यती लावल्या. लय वाईट दिवस ते. मग १९९३ साली त्यांची मुलगी अंकिता सांगलीच्या कॉलेजात कॉम्प्युटर सायन्सला गेली आणि हंबीररावांनी मला घासूनपुसून तिच्या स्वाधीन केलं. तेव्हा ते तिला म्हणाले, "सामान एका जागी. जे पेटीत न्हाई, ते हरवलं असं समजायचं."

पोरीने बापाचा शब्द झेलला. पुठ्ठे कापून तिने माझ्यात सहा कप्पे केले. एकात वह्या, एकात जुन्या प्रश्नपत्रिका, एकात प्रिंटरच्या त्या लांबलचक, कडेला भोकं असलेल्या कागदांच्या घड्या. प्रत्येक कप्प्याला इंग्रजी चिठ्ठी, प्रत्येक वहीला तारीख. रोज एसटीने सांगलीला जायची, आली की आधी माझं झाकण उघडायची आणि त्या दिवसाचं टिपण त्याच्या जागी लावायची. जेवण नंतर. मी मनातून सुखावले. माझ्यात बंदुकीच्या तेलाऐवजी शाईचा वास येऊ लागला आणि तो मला चक्क आवडला.

सगळ्यात वरच्या कप्प्यात फ्लॉप्या असायच्या. फ्लॉपी म्हणजे काळ्या, पातळ, चौकोनी आवरणातली चकती. कॉम्प्युटरवर केलेलं काम त्यात साठतं. तिला एक लांबट उघडी खिडकी असते, आतला चकचकीत भाग तिथे दिसतो. त्याला बोट लागलं तरी काम बिघडतं, म्हणून ती कागदी पाकिटात ठेवायची आणि कोपऱ्याला धरून उचलायची. कॉलेजातल्या कॉम्प्युटरवर कुणाचं काही ठेवत नसत. ज्याची फ्लॉपी त्याच्यापाशी.

शेवटच्या वर्षी अंकिताने प्रोजेक्टला एसटीचं वेळापत्रक घेतलं. कुठून कुठे जायचंय ते सांगितलं की कॉम्प्युटर गाडी सांगणार, कुठे बदलायची तेही सांगणार. चौदाशे ओळींचा प्रोग्रॅम, दसरा झाला की लगेच जमा करायचा, आणि चुकला तर वर्ष गेलं. त्यासाठी पोरीने जिवाचं रान केलं. कारण घरात एक गोष्ट ठरलेली होती. हंबीररावांनी भावकीसमोर शब्द दिला होता, की पोरगी एकदाही नापास न होता पदवीधर झाली तर पुण्याला नोकरीला पाठवीन, आणि एक वर्ष जरी गेलं तर त्याच उन्हाळ्यात लग्न. फौजेतला माणूस, शब्द म्हणजे शब्द.

तिची मैत्रीण स्वानंदी सांगलीतच राहायची. ती म्हणाली होती, दोन फ्लॉप्या केल्यास ना, मग एक माझ्याकडे ठेव. अंकिताने ऐकलं नाही. मूळ फ्लॉपी आणि नक्कल, दोन्ही माझ्याच वरच्या कप्प्यात शेजारी शेजारी ठेवल्या. खरं सांगते, मला तेव्हा त्या स्वानंदीचं हसू आलं. एवढी दणकट मी असताना शहरातल्या कुणाच्या कपाटाची काय गरज? माझ्या त्या ताठ्याची मला आजही लाज वाटते.

खंडेनवमी आली. आमच्याकडे त्या दिवशी हत्यारं पूजेला बसवतात. कोयता, कुदळ, हंबीररावांची पदकं, शिलाईचं मशीन, सगळं पाटावर मांडतात. एकदा बसलं की दसऱ्याला सोनं लुटून होईपर्यंत त्याला हात लावायचा नाही. अंकिता झेंडूची फुलं आणायला मळ्यात गेली होती. तिची आई राहीबाई माझ्यापाशी आली. चौथी शिकलेली बाई. लेकीची हत्यारं कोणती, याचा ती विचार करत होती. पुस्तकं तिने काढली. मग तिला आठवलं, की पोर पुस्तकांपेक्षाही त्या काळ्या चकत्यांना जपते, तान्ह्या बाळासारखं अलगद उचलते. म्हणजे खरी हत्यारं तीच! पाकिटावर इंग्रजीत लिहिलं होतं, हात लावू नये. ते तिला कुठून वाचता येणार?

तिने दोन्ही पाकिटं बाजूला काढून ठेवली. फ्लॉप्या पाटावर मांडल्या. पाण्यात कालवलेली हळद आणि कुंकू, बरोब्बर त्या चकचकीत खिडकीत, बोट दाबून लावलं. अक्षता टाकल्या, वरून फुलाने पाणी शिंपडलं. डोळे मिटून हात जोडले. इतक्या मनापासून केलेली पूजा मी छावणीच्या मंदिरातही पाहिली नव्हती. माझा पत्रा आतून थंड पडला. पण पत्र्याला कुठली वाचा?

अंकिता आली, फुलांची पाटी तिच्या हातातच राहिली. राहीबाईचं तोंड आनंदाने फुललं होतं. ती म्हणाली, "तुजी हत्यारं पुजली बघ. आता तुला नापास करायची कुनाची टाप हाय?"

अंकिताच्या ओठावर शब्द आला होता, मी पाहिला. तिने आईकडे पाहिलं आणि तो गिळला. मग ती वडिलांकडे गेली, आत्ताच उचलू का, पुसून घेते, म्हणाली. हंबीरराव म्हणाले, पूजेला बसलेलं हत्यार उद्या उठेल, एक दिवस अभ्यास नाही केला तर काही बिघडत नाही. का उचलायचंय ते तिने सांगितलं नाही. आई शेजारीच उभी होती ना!

दसऱ्याला संध्याकाळी फ्लॉप्या उठल्या तेव्हा कुंकू वाळून घट्ट बसलं होतं.

पुढचं मला कळलं ते स्वानंदी घरी आली तेव्हा. दोघी माझ्या झाकणावर बसून बोलल्या. कॉम्प्युटरमध्ये फ्लॉपी घातली तर नुसती खरखर झाली. दुसरी घातली, तीच गत. प्रोजेक्ट बघणारे सुमंत सर भले माणूस, त्यांनी स्पिरिटचा बोळा फिरवून पाहिला. ओली असतानाच आणली असतीस तर कदाचित, एवढंच ते म्हणाले. मग असंही म्हणाले, की एका पेटीतल्या दोन प्रती म्हणजे एकच प्रत. त्यांनी आठ दिवसांची मुदत दिली. प्रोग्रॅमचा छापील कागद अजून काढलेला नव्हता, म्हणून अंकिताने आठवून आठवून तो वहीत लिहिला, बोटं सुजली. कॉम्प्युटर आठवड्यातून दोनच तास मिळायचा. निम्मंही झालं नाही. प्रोजेक्टचा विषय गेला आणि वर्ष गेलं.

स्वानंदी रडवेली होऊन म्हणाली, घरी खरं सांगून टाक, बाबा एक संधी देतील. अंकिता म्हणाली, "दिली तरी आईला कळेल गं. ती जन्मभर देवाला हात जोडायची न्हाई."

वैशाखात तिचं लग्न झालं, फलटणला. माणसं वाईट नाहीत, पण तिथे कॉम्प्युटरचं नाव कुणी काढत नाही. निघायच्या दिवशी तिने माझे सहाही कप्पे रिकामे केले. राहीबाई शेजारी येऊन बसली. तिने विचारलं, "खरं सांग बाय, नापास का झालीस? म्या तर लय मनापासून पुजलं हुतं."

अंकिता म्हणाली, "अभ्यासच केला न्हाई आई मी."

राहीबाई उठून गेली. आजही कुणी विचारलं की ती सांगते, आम्ही सगळं केलं हो, पोरगीच नादान निघाली. माझ्यात आता गोधड्या असतात. त्या काढताना ती हे बोलते आणि मला ऐकावं लागतं.

मित्रांनो, तुमच्या वह्या, टिपणं, फ्लॉप्या व्यवस्थित लावा, पण एक प्रत दुसऱ्याच्या घरी ठेवा. आणि आपण काय करतो, कशाला जपतो, ते घरच्या माणसांना त्यांच्या भाषेत समजावून सांगा. तिला काय कळणार, असं म्हणू नका. राहीबाईला पाच मिनिटांत कळलं असतं. मी पत्र्याची, मला तोंड नाही. तुम्हाला आहे.