कुठं जातेय ती?

“दोन्या नेली, आत पहिला प्रश्न काय विचारतात हो?” सुल्मा पालावेसिनोनं विचारलं. आमच्याकडं वडीलधाऱ्या बाईला मानानं ‘दोन्या’ म्हणतात.

“पहिल्याची काळजी सोड. शेवटच्याची कर,” मी म्हटलं आणि येर्बाच्या पाल्याच्या कडू चहाचा तुंबा तिच्या हातात दिला.

तिनं नळी ओठाला लावली. शेजारच्या खुर्चीवर लिसांद्रो विल्यागरा गुडघा हलवत बसला होता. मघाशी तोही याच नळीनं प्यायला होता. इथं अर्जेंटिनात, आमच्या तुकुमानमध्ये, उष्ट्याचं कुणी मनावर घेत नाही. जागा एक आणि उमेदवार दोन असले, तरी तुंबा एकच फिरतो.

साखर कारखान्याच्या मालकीणबाई दोन्या एलोईसा यांनी मागं ठेवलेल्या पैशांवर ही संस्था चालते. नुकती डॉक्टरेट झालेली हुशार पोरं देश सोडून जाऊ नयेत, म्हणून त्यांना तीन वर्षं फेलोशिप द्यायची. मी इथली सचिव. मी कॉफी करते, मुलाखतींचं इतिवृत्त लिहिते आणि निकाल कळवते. होकाराचं पत्र जातं. नकार मात्र फोनवर, माणसाच्या तोंडून द्यायचा, हा बाईंचा दंडक. “नाही म्हणायचंय ना? मग तोंडानं म्हणा, कागदामागं लपू नका,” असं त्या म्हणायच्या. बाई गेल्या, आणि ते तोंड माझ्या वाट्याला आलं. निकालाच्या आठवड्यात माझा नुसता ‘हॅलो’ ऐकून पोरं रडायला लागतात. मला त्या दिवसांत जेवण जात नाही.

लिसांद्रोला आत बोलावलं. तो उठला, सदरा खाली ओढला आणि सुल्माकडं बघून हसला. “माझ्यासाठी प्रार्थना कर.”

“माझ्यासाठी करून झाली की करते,” ती म्हणाली.

आधी उमेदवार नुसतं आपलं काम सांगतो, लिहायला मला प्रश्नांच्या वेळीच आत बोलावतात. दार बंद झालं तशी सुल्मा खचल्यासारखी बसली. डॉक्टरेटनंतर पाच वर्षांच्या आतच अर्ज करता येतो, आणि तिचं हे पाचवं वर्ष होतं.

“हे नाही मिळालं तर विद्यापीठ माझी खोली काढून घेणार. संगणकवाल्यांना हवीय ती.”

त्या खोलीत तिच्या विंचुका होत्या. शेजारच्या सान्तियागो प्रांतातल्या कोरड्या रानात मातीच्या घरांच्या भिंतींत हा किडा राहतो, झोपलेल्या माणसाचं रक्त पितो, आणि मागं असा रोग सोडून जातो, की माणसाचं हृदय पुढं कित्येक वर्षं सुजत राहतं. सुल्माची आई त्यानंच गेली. सरकारी फवारणीनं हा किडा मरायचा. आता काही गावांत मरत नाही. का मरत नाही ते शोधायला सुल्मानं तेच न मरणारे किडे आणून, उबदार खोलीत पिढ्यान् पिढ्या वाढवले होते. खोली गेली, की ते सगळे मारून टाकावे लागणार होते.

“बाहेरून कुठून बोलावणं आलं नाही का तुला?” मी विचारलं.

“आलं होतं की. बार्सिलोनाहून. मी नको कळवलं.”

“का गं?”

“तिथं मातीची घरं आहेत का, दोन्या नेली? किडे इथं, माणसं इथं. मी तिथं बसून काय करू, फोटो बघू?”

उमेदवारांशी हवापाण्यापलीकडं बोलायचं नाही, असा आम्हाला नियम आहे. नियम करणाऱ्याला अशा पोरीसमोर एकदा बसवायला हवं होतं. मी खुर्ची पुढं ओढली. “ऐक. शेवटी ते विचारतील, ‘नाही दिली तर काय करशील?’ तेव्हा बार्सिलोनाचं नाव घे. खोटं थोडंच आहे? बोलावणं आलं होतं, एवढंच सांग. पुढचं मनातच ठेव. रडल्याशिवाय आईसुद्धा पाजत नाही, पोरी.”

तिनं मान डोलावली. मला वाटलं, कळलं हिला.

आत ती छान बोलली. तीन परीक्षक होते. अध्यक्ष इंजिनियर फ्रीआस साहेब सहसा घड्याळाकडं बघतात, पण तेही ऐकत होते. डॉक्टर मेर्काऊबाईंनी तर दोनदा टाळी वाजवायचीच बाकी ठेवली. तिसरे प्राध्यापक ओविएदो फ्रीआस साहेबांकडं बघून हसायचे. ती त्यांची जुनी सवय आहे. मी शब्द न शब्द लिहून घेत होते.

मग फ्रीआस साहेब मागं टेकले. “आणि समजा, आम्ही नाही दिली तर?”

सुल्मानं माझ्याकडं पाहिलं. मी कागदाकडं पाहिलं. म्हण, बाई, म्हण.

“बार्सिलोनाहून बोलावणं आलं होतं,” ती म्हणाली. साहेब पुढं झुकले. माझा जीव भांड्यात पडला.

“पण मी नको कळवलंय,” ती पुढं म्हणाली. “हे तुम्हाला न सांगणं बरं नाही. नाही मिळाली तर मी शाळेत शिकवीन आणि शनिवारी गावांत जाईन. काम अर्धंमुर्धं होईल, पण करीन. कुणीतरी केलंच पाहिजे ना.”

सगळे कौतुकानं हसले. त्या हसण्यानंच मला कळलं, की गेली ही.

चर्चेत कुणी तिच्याविरुद्ध अवाक्षर काढलं नाही. तसं झालं असतं तर बरं होतं, भांडता आलं असतं.

“लिसांद्रोला जर्मनीचं बोलावणं आहे,” फ्रीआस साहेब म्हणाले. “महिनाभरात उत्तर द्यायचंय त्याला. आपण धरून ठेवलं नाही तर लिंबाच्या रोगावर काम करणारा एवढा चांगला पोरगा जाणार.”

“आणि सुल्मा?” मेर्काऊबाई म्हणाल्या.

“सुल्मा? कुठं जातेय ती? तिनं स्वतःच सांगितलं. ती इथंच आहे.”

“म्हणजे राहणाऱ्याला ही शिक्षा?”

“शिक्षा कसली, डॉक्टर? बाईंचा पैसा पोरं थांबवायला आहे. जी थांबलेलीच आहे, तिच्यावर तो घालवायचा कशाला?”

ओविएदो हसले आणि त्यांनी हात वर केला.

आमच्यात पिकतं तिथं विकत नाही, हे मला ठाऊक होतं. पण इतकं शहाण्यासारखं, इतक्या गोड आवाजात ते कुणी सांगितलेलं ऐकलं नव्हतं. मला मत द्यायचा अधिकार नाही. तरी मी लेखणी खाली ठेवली आणि म्हटलं, “साहेब, बाई असत्या तर त्यांनी या पोरीला पदराखाली घेतलं असतं.”

“नेली, कॉफी मिळेल का?” फ्रीआस साहेब म्हणाले, आणि तेही अगदी प्रेमानं.

मी कॉफी दिली. साखर घातली नाही. त्यांनी ती तशीच प्यायली.

लिसांद्रोचं पत्र टपालात टाकलं. तो पोरगा वाईट नाही, त्याला मिळालं याचं मला दुःख नाही. पण फोन करायचं मी दुपारपर्यंत टाळलं. सगळं गाव जेवून झोपलं, तरी मी टेबलाशीच बसून होते. शेवटी नंबर फिरवला. ती खोलीतच होती.

“हॅलो, सुल्मा. मी नेली बोलतेय.”

ती म्हणाली, “एक मिनिट थांबा हं, दोन्या नेली. हात खराब आहेत, धुऊन येते.”

तिनं फोन टेबलावर ठेवला. नळ सुरू झालेला मला ऐकू आला. हात धुवायला लागतं त्यापेक्षा बराच जास्त वेळ तो वाहत राहिला. मी फोन कानाला लावून ऐकत बसले. माझेही डोळे वाहत होते आणि मी ते पुसले नाहीत, कारण बघायला कुणी नव्हतं.

नळ बंद झाला. पावलं आली.

“हां,” ती म्हणाली. आवाज स्वच्छ होता. “आता सांगा. तोंडानं सांगायचं असतं ना तुम्हाला? सांगा, मी ऐकतेय.”