हातात बसणारी मूठ

म्हाताऱ्या खमीसने काठी खजुराच्या बुंध्याला टेकवून ठेवली आणि उजव्या हाताची बोटं तोंडाशी नेऊन त्यांच्यावर फुंकर घातली. मग कुणी पाहिलं तर नाही ना, म्हणून त्याने हळूच मागे वळून बघितलं. विशाखाने पाहिलं होतं.

"झैन," तो घाईघाईने म्हणाला. "वाजिद झैन."

म्हणजे फार छान. सकाळपासून चौथ्या माणसाने हेच सांगितलं होतं. ओमानमधल्या निझव्याच्या त्या खजुरांच्या बागेत पाहुण्याच्या वस्तूला नावं ठेवणारा माणूस अजून जन्माला यायचा होता. खमीसने विशाखा आणि ताबिशला कॉफी दिली, खजूर दिले, काठीचं पुन्हा एकदा कौतुक केलं आणि मग आपला जुना दोर कमरेला बांधून तो पुढच्या झाडावर सरसर चढून गेला. सत्तरीचा माणूस. अशा माणसाला झाडावर चढावं लागू नये, एवढ्यासाठी तर ताबिशने तीन वर्षं घालून ती काठी तयार केली होती.

काठीचं काम तसं सोपं होतं. नर झाडाचा पराग पिठात मिसळून नळीत भरायचा, खाली जमिनीवर उभं राहून मूठ आवळायची, की वर मादी झाडाच्या फुलांवर भुकटी उडते. दोर नको, पडणं नको, कंबर मोडणं नको. ताबिशचं घर मूळचं रत्नागिरीकडचं, पण तो जन्मला आणि वाढला मस्कतमध्ये. कॉलेजात असताना त्याने असाच एक माणूस झाडावरून पडलेला पाहिला आणि या काठीचं वेड डोक्यात घेतलं. विशाखा पुण्याहून डिझाइन शिकून दोन वर्षांपूर्वी त्याच्या कंपनीत आली. काठीची मूठ ही तिची जबाबदारी.

"त्याची बोटं बघितलीस?" तिने ताबिशला विचारलं.

"काय झाला बोटांना?"

"लाल झालीत. फक्त शेवटची दोन. आणि चौघांचीही."

"हीट असेल ना."

"फेब्रुवारीत?"

ताबिश वर बघत राहिला. वर खमीस दोराला रेलून, मोकळ्या हाताने, वाडवडिलांनी शिकवलं तशी नर झाडाची फुलं मादीच्या घोसात बांधत होता.

परतीच्या वाटेवर ताबिश गाडी चालवत होता आणि विशाखा एक सुटी मूठ मांडीवर घेऊन बसली होती. पहिल्या दोन बोटांसाठी सुरेख खाचा, आणि त्यांच्यानंतर लगेच फुगवटा, काठी हातातून घसरू नये म्हणून ठेवलेला. त्या फुगवट्यावर उरलेली दोन बोटं धड राहत नव्हती आणि धड सुटत नव्हती. मूठ एकदा आवळली तर काही कळत नाही, शंभरदा आवळली की कळतं. ऑफिसात ती सगळ्यांनी हातात घेतली होती, पण फोटोपुरती. विशाखालाही ती थोडी टोचली होती. पण तिचा हात लहान. तिला वाटलं, दोष हाताचाच.

तिने करंगळी आणि अनामिका तळव्यात दुमडून घेतली. मूठ हातात चपखल बसली.

मग तिला कळलं. नमुन्याची मूठ कोरणाऱ्या भिकाजी मेस्त्रींच्या उजव्या हाताला करंगळी नव्हती आणि अनामिका अर्धीच होती. बारा वर्षांपूर्वी, दुसऱ्याच कुठल्या कारखान्यात, चालत्या करवतीखाली गेली होती. त्यांनी ते कधी लपवलं नव्हतं. त्याच हाताने ते तिला चहा देत. दर आठवड्याला ती मस्कतजवळच्या माबेल्याच्या वर्कशॉपमध्ये जायची, मेस्त्री सागाच्या तुकड्यातून कोरलेली मूठ पुढे करायचे आणि ती विचारायची, काका, हातात कशी बसते? ते म्हणायचे, अजून जराशी. पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच. शेवटी एक दिवस ते म्हणाले, आता झकास बसता. त्याच संध्याकाळी तिने मशीनवर मुठीची मापं घेतली. चीनमध्ये साचा झाला, तीनशे मुठी आल्या. फाइलमध्ये तिने लिहिलं होतं, 'काम करणाऱ्याच्या हातात तपासली.' त्यात खोटं काहीच नव्हतं.

तिने ताबिशला सांगितलं.

"अर्बाब रविवारी येणार," तो म्हणाला. कंपनीत पैसा घालणाऱ्या ओमानी शेठना सगळे अर्बाबच म्हणत. "नवीन साचा तो देईल. बट फर्स्ट क्वेश्चन, गलती किसकी. तो हमेशा हेच विचारतो."

"मग?"

"आपण सांगू, मॉडेलमध्ये मिस्टेक झाली. मेस्त्री तर जाणारच आहे ना एक-दोन वर्षात. सिक्स्टी-वन आहे तो."

"चूक माझी आहे, ताबिश."

"तू गेली तर कंपनी खलास. काठी पण खलास. तुला पण माहिती आहे."

तिला माहीत होतं. ती गप्प बसली. अशा वेळी गप्प बसणं म्हणजे होकार, हे दोघांनाही कळत होतं, आणि मस्कत येईपर्यंत तिला स्वतःची लाज वाटत राहिली.

शनिवारी ती एकटीच माबेल्याला गेली. मेस्त्रींना खरं काय ते सांगून टाकायचं, मग होईल ते होवो, असं ठरवून गेली. टायरवाले, वेल्डिंगवाले यांच्या रांगेतलं शेवटचं शटर मेस्त्रींचं. मागच्याच खोलीत ते राहत. बायको जाऊन सहा वर्षं झाली होती, मुलगी सुरतेला दिली होती. कुडाळजवळच्या गावात कुलूप लावलेलं घर होतं. गावी जाण्याचा विषय निघाला की ते रंध्याची धार बघू लागत.

"येवा बाय, येवा! आज सुट्टीच्या दिवशी?" त्यांनी स्टूल पुसून दिलं. "बरा झाला इलात. तुमका एक गंमत दाखवचीच होती."

त्यांनी भिंतीवरची करवत काढली. तिची लाकडी मूठ काढून त्यांनी तिथे काठीची प्लास्टिकची मूठ बसवली होती. नीट, दोन स्क्रूंनी.

"ताबिशभायन खराब पीस दिल्यान एक. म्हटला, फुकट कित्याक घालवा. आता बघा हां."

त्यांनी एक फळी घेतली आणि कापायला सुरुवात केली. विशाखाने त्यांना अनेकदा करवत चालवताना पाहिलं होतं. मनगट वाकडं करून, चार वेळा पुढेमागे केलं की थांबून. आज ते थांबले नाहीत. फळी सरळ रेषेत दोन झाली.

"आदी दोन बोटांर सगळो जोर येयचो. रातचा मनगट सुजायचा. आता काय नाय." ते बोलत होते, आणि एरवी चार वाक्यांत दिवस काढणारा हा माणूस आज थांबेना. "बाय, बारा वर्सां झाली. ह्यो हात सगळ्यांनी बघितल्यानी. कीव केल्यानी. चांगली माणसा होती, नाय म्हणना नाय. पण मेस्त्री, तुमच्या हातात बसता काय, म्हणान कोणी इचारूक नाय. तुमी इचारलात. दर आठवड्याक येवन इचारलात. माका पयल्यांदा वाटला, पोरगी मस्करी करता. मगे माझ्या ध्यानात इला. झाडार चढणाऱ्यांचे हात पण असेच मोडके असतले. म्हणान तुमी माझ्या हाताचा माप घेतलात."

विशाखाने त्यांनी दिलेला चहाचा ग्लास दोन्ही हातांनी धरला. चहा कोरा होता, गोड होता.

"काका," ती म्हणाली, "मूठ थोडी बदलावी लागणार आहे."

"बदला की. सगळ्या तऱ्हेचे हात असतत. पण ही एक माका ऱ्हवांदे."

"तुमचीच आहे ती."

एवढंच बोलून ती परत आली. सांगायला गेली होती ते सांगण्याइतकं काळीज तिच्याकडे नव्हतं.

रविवारी सकाळी कुरुमच्या ऑफिसात अर्बाब वेळेवर आले. आजोबांच्या काळापासून मुंबईशी व्यापार असल्यामुळे त्यांचं हिंदी चांगलं वाहतं होतं. त्यांनी मूठ हातात घेऊन, उलटीसुलटी करून बघितली, टेबलावर ठेवली आणि ठरलेला प्रश्न विचारला. ताबिशने उत्तर देण्याऐवजी दार उघडलं. बाहेर भिकाजी मेस्त्री उभे होते, इस्त्रीचा शर्ट घालून. त्यांना बोलावलंय हे विशाखाला कुणी सांगितलं नव्हतं.

"अर्बाब, गलती मेरा है," मेस्त्री आत येता येता म्हणाले. "लकडी गीला था. सूखने के बाद टेढा हो गया. इन लोग का कुछ गलती नहीं."

लाकूड वीस वर्षं वाळलेलं होतं. तो तुकडा मेस्त्रींनी ट्रंकेतून काढून मोठ्या अभिमानाने विशाखाला दाखवला होता. ओल्या लाकडावर काम केलं असं सुताराने म्हणणं म्हणजे आपल्याच हाताने आपल्या तोंडाला काळं फासून घेणं. ताबिशने त्यांना फोनवर काय सांगितलं असेल, मुठीत नेमकं काय चुकलं ते न सांगता नुसतं कंपनी बुडते म्हणून सांगितलं असेल, ते तिला न ऐकताही ऐकू आलं.

आता बोलायला हवं होतं. तिने तोंड उघडलंही. ताबिशने नुसतं तिच्याकडे पाहिलं. तिने पाण्याचा ग्लास उचलला.

"उमर कितना हुआ?" अर्बाबांनी विचारलं.

"एकसठ."

"बहुत काम किया. अभी घर जाओ, आराम करो. महिना खतम होने पर टिकट ताबिश देगा."

मेस्त्रींनी मान हलवली. अर्बाब काही वाईट माणूस नव्हते. निरोप देताना ते उठून टेबलाच्या या बाजूला आले आणि त्यांनी हात पुढे केला. मेस्त्रींनी शर्टाला हात पुसून आपला हात त्यांच्या हातात दिला.

अर्बाबांचा हात तिथेच थांबला. जिथे बोटं लागायला हवी होती तिथे काहीच लागलं नव्हतं. त्यांनी मेस्त्रींचा हात उलटा करून पाहिला. नंतर टेबलावरची मूठ उचलली आणि काही न बोलता त्या हातात ठेवली.

दोन बोटं खाचांत गेली. अर्धी अनामिका फुगवट्यावर टेकली, झाकण आपल्या डब्यावर बसावं तशी.

अर्बाबांनी मूठ परत घेतली, स्वतःच्या हातात धरली आणि दहा-पंधरा वेळा जोराने आवळली. मग हात झटकून शेवटची दोन बोटं चोळली. मूठ त्यांनी पुन्हा मेस्त्रींच्या हातात दिली.

मेस्त्री त्या चोळल्या जाणाऱ्या बोटांकडे बघत होते. मापाची गोष्ट सुताराला दोनदा सांगावी लागत नाही. त्यांचा चेहरा हळूहळू उतरला आणि ते विशाखाकडे वळले.

"म्हणजे लोकांका ही बसना नाय?"

"नाही, काका."

"तुमका शनवारी म्हायती होता?"

"हो."

त्यांनी हातातल्या मुठीकडे पाहिलं. आवाजात राग नव्हता. राग असता तर तिला बरं वाटलं असतं.

"मगे दर आठवड्याक येवन तुमी माका इचारीत होतात, ता कित्याक?"

"क्या बोलता है?" अर्बाबांनी विचारलं.

"कुछ नहीं, अर्बाब," ताबिश चटकन म्हणाला. "थँक यू बोलता है."

खोलीत मेस्त्रींची बोली पुरती समजणारं विशाखाखेरीज दुसरं कुणी नव्हतं. ताबिशचं उत्तर तसंच राहू दिलं असतं तरी चाललं असतं. साचा नवा झाला असता, काठी निझव्याला गेली असती, महिनाअखेर मेस्त्रींचं विमान उडालं असतं. विशाखाने ग्लास खाली ठेवला.

"नहीं, थँक यू नहीं बोला," ती म्हणाली. "ये पूछ रहे हैं कि मैं हर हफ्ते आकर इनसे पूछती थी, हाथ में कैसा बैठता है. वो मैं क्यों पूछती थी."

अर्बाब खुर्चीत बसले.

"तो जवाब दो उसको," ते म्हणाले.

विशाखा मेस्त्रींकडे वळली. विचारताना तिच्या डोळ्यांसमोर मूठ होती, त्यांचा हात कधीच नव्हता, हेच तिला सांगायचं होतं. ते मूठ हातात धरून उभे होते आणि उत्तर नक्की मिळेल अशा विश्वासाने तिच्या तोंडाकडे बघत होते.